लष्करातली जुनी जीप गावात पाळायची तर

कामठीची छावणी, पुलगावचा दारूगोळा डेपो, भंडारा आणि भद्रावतीचे ऑर्डनन्स कारखाने... फौजी गाड्या विदर्भाला काही नव्या नाहीत. रेंजरसाहेबाची जीप, डॅमच्या इंजिनिअरची जीप आणि इलेक्शनला भोंगा बांधून फिरणारी जीप पाहतच आमच्या पिढीची मुलं मोठी झाली. त्यातलाच एखादा आता हाती चार पैसे आल्यावर विचारायला येतो, ‘दादा, मिलिटरीची जुनी जीप मिळून राह्यली, घेऊ का?’

घ्या. पण घेताना एक गोष्ट मनाशी पक्की करा. ही गाडी टिकते ती गावात दुरुस्त होते म्हणून. पाना, ग्रीस गन आणि जवळपास एक लेथ एवढ्यावर ती चालावी अशाच बेताने ती घडवलेली आहे. तिच्यात जो काही बदल कराल, तो तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीला उलगडता आला पाहिजे. ज्या बदलानंतर गाडी नागपूरला टोचन लावून न्यावी लागेल, तो करू नका. पुढे जे लिहिलंय ते याच हिशोबाने.

आधी ओळख पटवा

‘विलीज आहे’ असं विकणारा प्रत्येकजण सांगतो. दुसऱ्या महायुद्धातली खरी जीप १९४१ ते १९४५ या काळातली. विलीज कंपनीची ती एमबी आणि फोर्डने त्याच नकाशावर बनवलेली ती जीपीडब्ल्यू. दोन्ही मिळून सव्वासहा लाखांच्या वर बनल्या. पत्र्याच्या पुढच्या जाळीत उभे नऊ गाळे असतील तर गाडी युद्धकाळातली असण्याची शक्यता आहे. सात गाळे म्हणजे नंतरचं नागरी मॉडेल. ही जाळी नवीही बसवता येते, म्हणून तेवढ्यावर भुलू नका. खाली वाका आणि रेडिएटरच्या खालचा चेसिसचा आडवा दांडा पाहा. तो गोल पाइपाचा असेल तर विलीज, चौकोनी पन्हाळीसारखा असेल तर फोर्ड. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरही इंग्रजी एफ ठोकलेला असायचा. घासून पाहिलं तर कुठे ना कुठे सापडतो.

युद्धकाळातल्या जीपची आणखी एक खूण मला फार आवडते. तिचे हेडलाइट जाळीच्या मागे बसवलेले असतात. बोनेट उघडून एक विंग नट सैल केला की अख्खा दिवा मागे फिरतो आणि उजेड थेट इंजिनवर पडतो. रात्री रानात काम करणाऱ्याचा विचार कुणीतरी नकाशा काढतानाच केला होता.

महिंद्राने मुंबईत जीप जुळवायला सुरुवात केली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस. आपल्याकडे सर्रास दिसते ती उंच बोनेटची सीजे-३बी. तिचं मूळ मॉडेल १९५३ चं. बोनेट उंच असण्याचं कारण म्हणजे आतलं इंजिन उंच झालं. एमबीत दोन्ही व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये असतात. सीजे-३बीच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला आणि एक्झॉस्ट खालीच राहिला. दोन्ही इंजिनं २.२ लिटरची, आणि तळाकडचे बरेच पार्ट सारखेच.

तिसरी म्हणजे जोंगा. निस्सानच्या परवान्यावर जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेली, सहा सिलिंडर, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन. रुबाब विचारूच नका, पण पेट्रोल ती अक्षरशः ढोसते. नवख्याने पहिलीच गाडी म्हणून जोंगा घेऊ नये असं माझं मत आहे. आता लष्कराच्या लिलावात दिसते ती बहुतेक करून जिप्सी. गाडी उत्तम, पण या लेखाचा विषय नाही.

पैसे देण्याआधी कागद

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर.

लष्कर जुन्या गाड्या लिलावात काढतं. हल्ली हे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या मार्फत ऑनलाइन होतात. त्यातून घेतलेल्या गाडीची आरटीओत पहिली नोंदणी करायची तर लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेला फॉर्म २१ मधला मूळ विक्री दाखला लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ४७ मध्ये एक्स-आर्मी गाड्यांसाठी तो स्वतंत्र सांगितला आहे. झेरॉक्स चालत नाही. लिलावात गाडी घेणारा एक, त्याच्याकडून घेणारा दुसरा आणि तुम्ही तिसरे असाल, आणि मूळ कागद पहिल्याच्या घरच्या ट्रंकेत असेल, तर तुम्ही घेताय ते फक्त लोखंड. भावही लोखंडाचाच द्या.

गाडीवर आधीच एमएच-२७, २९, ३२, ४० असा नंबर असेल तर आरसी बुक घेऊन चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. एमबीचा इंजिन नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या खालच्या उंचवट्यावर असतो. तिथे ग्रीसचा थर असतो, तो रॉकेलच्या बोळ्याने पुसा. नंबरच्या आजूबाजूचा भाग ग्राइंडरने गुळगुळीत केलेला दिसला तर चहा पिऊन घरी या. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या बाजारांत नवा पत्रा, नवी चेसिस लावून तयार जीप मिळते. दिसायला झकास असते. मात्र ती १९६२ ची म्हणून कुणी १९६२ च्याच भावात विकत असेल तर ती १९६२ ची नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आता नोंदणी कोणत्या प्रकारची ठेवायची? २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, धंद्यासाठी न वापरलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीची ५,०००, मुदत दहा वर्षं आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. यात मेख अशी की अशी गाडी रस्त्यावर रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती बाहेर निघू शकते. म्हणजे शेतावर जायला-यायला, बाजाराला, पाहुण्यांना स्टँडवरून आणायला गाडी हवी असेल तर साधी नोंदणीच बरी. तिचं पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहायचं. विमा, पीयूसी, पर्यावरण कर, एचएसआरपी पाटी हे सगळं आलंच.

स्टिअरिंग डावीकडे असेल तर इशारा देणारं साधन चालू हवं असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२० सांगतं. मूळ एमबीला इंडिकेटर नसतात, तेव्हा ते बसवूनच घ्या. मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला तुमचा हात दिसणार नाही.

आणि रंग! जीप घेतली की पहिलं स्वप्न पडतं ते ऑलिव्ह ग्रीन रंगाचं. नियम १२१ प्रमाणे हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. वर बाण असलेली लष्करी नंबर पाटी लावणं हा तर सरळ गुन्ह्याला आमंत्रण देण्याचा प्रकार. खाकी, करडा, मातकट, निळा, काय हवा तो द्या. पेंटरला ‘मिलिटरी कलर मार’ एवढंच सांगून निघून आलात तर तो ऑलिव्ह ग्रीनच मारेल. डबा स्वतः घेऊन जा.

गाडी घरी आली, पण स्टार्टरवर पाय ठेवू नका

एमबीचा स्टार्टर पायाने दाबायचा असतो, आणि गाडी उतरवली की सगळ्या आळीला तो दाबून पाहायचा असतो. थांबा. वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी धक्का मारून चालू करणं म्हणजे रिंग-पिस्टनची वाट लावणं.

आमच्या भागात ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलातून, निवृत्त झालेले एक हवालदार काका आहेत. त्यांचं ठरलेलं वाक्य: ‘भाऊ, आधी तिले थांबू द्या, मंग पळवजा.’ म्हणजे आधी ब्रेक, मग इंजिन. त्याच क्रमाने जाऊ.

या जीपला ब्रेकची एकच लाइन असते. कुठल्याही एका चाकाचा सिलिंडर गळाला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून जुन्या रबरांवर विश्वास नकोच. चारही ड्रम उघडा, चाकाचे सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर बाहेर काढा. आतून खड्डे पडले असतील तर लेथवाल्याकडून स्लीव्ह टाकून घ्या. सगळे कप आणि होज नवे टाका. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पुरून टाका.

हँडब्रेक चाकांवर लागत नाही, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) मागे प्रॉपेलर शाफ्टवर लागतो. तो गाडी उभी राहिल्यावर ओढायचा. चालत्या गाडीत झटक्याने ओढलात तर युनिव्हर्सल जॉइंटवर सगळा मार बसतो.

आता चाकं काढण्याआधी एक सांगतो, नाहीतर तुमचा पंक्चरवाला पहिल्याच दिवशी स्टड तोडेल. एमबीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. चालत्या चाकाने नट सैल होऊ नयेत म्हणून तशी योजना होती. सैल करायला ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावे लागतात. गडी जोर लावून नेहमीच्या दिशेने फिरवतो, नट हलत नाही, मग तो पान्याला पाइप लावतो, आणि कडकन आवाज येतो. डाव्या चाकावर पांढऱ्या रंगाने ‘उलटे आटे’ असं मराठीतच लिहून ठेवा. काही गाड्यांना दोन तुकडे बोल्टने जोडलेले लष्करी रिम असतात. ते बोल्ट सोडण्याआधी टायरमधली हवा पूर्ण काढलीच पाहिजे. भरल्या टायरचा असा रिम उघडताना उडालेला तुकडा जीव घेऊ शकतो.

टायरचा मूळ माप ६.००-१६. हाच माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा असतो, त्यामुळे कृषी केंद्राजवळचा टायरवाला तुम्हाला उभ्या धारीचा ट्रॅक्टरचा टायर स्वस्तात देऊ करील. बसतो बरोबर. पण तो वेगासाठी बनवलेला नसतो, हमरस्त्यावर लावू नका.

इंजिन

प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओता आणि एक-दोन दिवस मुरू द्या. मग प्लग न लावताच पुढून हँडल घालून हळू फिरवा. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, हँडलभोवती वळवू नका. इंजिन उलटा झटका मारतं तेव्हा अंगठ्याचं हाड मोडतं. हँडल मोकळं फिरायला लागलं की जुनं ऑइल काढा, संप (इंजिनाखालची ऑइलची ताटली) उतरवा आणि आत साचलेला काळा गाळ खरवडून काढा. हे टाळून नुसतं नवीन ऑइल भरणारे बरेच आहेत. नवं ऑइल तो गाळ सोडवतं, गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, आणि मग बेअरिंग जातात.

ऑइल साधं मिनरल २०डब्ल्यू-४० टाका. ट्रॅक्टरवाल्यांमुळे ते कुठल्याही तालुक्याला मिळतं. महागडं सिंथेटिक या इंजिनाला काही कामाचं नाही. गिअरबॉक्समध्ये मात्र दुकानदार देईल ते घेऊ नका. डब्यावर ‘जीएल-४’ आहे का ते वाचा. जीएल-५ मधली रसायनं आतल्या पितळी रिंगा खाऊ शकतात. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकमेकांना जोडलेले असल्याने एकाचं ऑइल दुसऱ्यात जाऊ शकतं, म्हणून दोन्हीकडे एकच ऑइल आणि दोन्ही पातळ्या एकाच वेळी पाहा.

इग्निशनचे आकडे एमबीसाठी असे: पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगीचा स्विच) फट ०.०२० इंच, प्लगची ०.०३० इंच, टॅपेटची (व्हॉल्व्हच्या दांड्याशी सोडायची) थंड इंजिनावर ०.०१४ इंच. सीजे-३बीला टॅपेट वेगळे, इनलेट ०.०१८ आणि एक्झॉस्ट ०.०१६. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आणि रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. हे डिस्ट्रिब्युटरच्या जवळ पत्र्यावर लिहूनच ठेवा. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांचा क्रमही १-३-४-२ असतो, पण सवयीचा मिस्त्री डोळे झाकून घड्याळाच्या दिशेने वायर लावतो. गाडी कार्बोरेटरमधून फटाके फोडते, हलते, पण चालू होत नाही. मग कार्बोरेटर उघडला जातो, पंप उघडला जातो, एक अख्खा दिवस जातो, आणि दोष दोन वायरींच्या अदलाबदलीचा असतो.

कॉम्प्रेशन गेजने चारही सिलिंडर पाहा. १०० ते ११० पौंडांच्या आसपास उत्तम. त्याहून कमी असलं तरी चारही सारखे असतील तर घाबरू नका. एकच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा पाहा. आकडा वर गेला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. बाजूला व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनात ते जागच्या जागी लॅप करता (घासून नीट बसवता) येतात, हेड उतरवलं की समोरच दिसतात. गरम इंजिनात आयडलवर ऑइलचं प्रेशर १० पौंडांच्या खाली जाऊ नये.

अमेरिकन लष्कराचं १९४४ चं टीएम ९-८०३ हे मॅन्युअल इंटरनेटवर फुकट मिळतं. प्रिंट काढून बाइंड करून घ्या. इंग्रजी फारसं येत नसलं तरी चित्रं इतकी स्वच्छ आहेत की नट कुठला आणि वॉशर कुठला हे कळतं. नट-बोल्टांना पाने इंची मापाचे लागतात हे विसरू नका. मेट्रिक पाना लावून नटाचे कोपरे गोल करून ठेवलेली गाडी पाहिली की मला मालकाचा नाही, पान्याचाच राग येतो.

पेट्रोल, पाणी आणि आपला उन्हाळा

चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरी यांचं तापमान मे महिन्यात बातम्यांत झळकतं तेव्हा जुनी जीप दुपारी बारा ते चार शेडमध्येच बरी. तरी काढलीत आणि गाडी चढावर अचानक बंद पडली, थंड झाल्यावर पुन्हा चालू झाली, तर तो व्हेपर लॉक. पेट्रोलची नळी किंवा पंप तापून आत वाफ होते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. रस्त्यात ओलं फडकं पंपावर ठेवून दहा मिनिटं थांबा. कायमचा उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून दूर घेणं आणि मध्ये पत्र्याचा आडोसा लावणं. त्यासाठी इलेक्ट्रिक पंप लगेच लावायची गरज नाही.

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. या इंजिनाचं कॉम्प्रेशन ६.४८ ला १ एवढं कमी आहे की ऑक्टेनची काळजी नको, महागड्या पेट्रोलवर पैसे घालवू नका. त्रास होतो तो रबराला. पंपाचा डायफ्रॅम फुगतो किंवा फाटतो, जुने होज आतून सुटतात आणि त्याचे काळे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतात. डायफ्रॅम आणि होज इथेनॉलला टिकणारे घ्या. होज घेताना व्हिटॉन म्हणून विचारा. फाटलेल्या डायफ्रॅममधून पेट्रोल खाली संपमध्ये उतरू शकतं, म्हणून डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का ते अधूनमधून पाहा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी टाकीच्या तळाशी बसतं. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा. एमबीची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. गळती लागलेल्या टाकीवर बसून विडी ओढणारे महाभाग मी पाहिले आहेत. टाकी झाळायची तर आधी पाण्याने भरून, धुऊन, वाफ पूर्ण गेल्याची खात्री करून, आणि तीही अनुभवी माणसाकडूनच.

रेडिएटरचं पाणी हा आपल्याकडचा खास विषय. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घातलं की आत क्षार बसतात, गंज चढतो आणि गाडी तापू लागते. बाकी विदर्भातही बोअरचं पाणी काही फार मऊ नाही. आरओचं किंवा बॅटरीचं पाणी आणि कूलंट, एवढंच घाला. आधीचं साचलेलं असेल तर रेडिएटर काढून उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा. बाहेरून जाळीत कुसळं, कापसाचे तंतू, किडे अडकतात. तेही आतून बाहेर फुंकून काढायचे, बाहेरून आत मारलेला फवारा त्यांना आणखी घट्ट बसवतो.

काळी माती

पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना मोठे गोल पोकळ गोळे दिसतात. त्यांच्या आत चाक वळवणारा आणि ओढणारा जॉइंट ग्रीसमध्ये बुडालेला असतो. बाहेरून नमद्याची पट्टी आणि रबराचं सील असतं. पऱ्हाटीच्या वावरात दोन पावसाळे फिरलेल्या गाडीचा तो गोळा एकदा उघडून पाहा. ग्रीस नसतंच, काळ्या चिखलाचा कडक लगदा निघतो, आणि तो हातात चोळला की खरखर लागते. हीच खरखर जॉइंटला पॉलिश पेपरसारखी घासत असते. म्हणून पावसाळा संपला की, साधारण दसऱ्याच्या सुमारास, दोन्ही बाजू उघडा, रॉकेलने धुवा, नमदा आणि सील बदला, नवं ग्रीस भरा. किंगपिनच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल तर शिम काढून घट्ट करा. चाळीसच्या वेगाला पुढची चाकं थरथरत असतील तर दोष बहुतेक वेळा इथे, स्टिअरिंगच्या बेल क्रँकमध्ये किंवा टाय रॉडमध्ये असतो. चाकाला वजन लावून तो जात नाही.

नाला ओलांडला की घरी आल्यावर सगळ्या निपलना ग्रीस मारा, जोवर जुनं ग्रीस पाण्यासकट बाहेर येत नाही तोवर. एमबीच्या कमानपट्ट्यांचे शॅकल आट्यांचे असतात आणि त्यातलेही काही उलट्या आट्याचे. ग्रीस नसेल तर आटे झिजून संपतात.

फोर व्हील ड्राइव्हबद्दल एकच. डांबरी रस्त्यावर तो लावू नका. पुढच्या-मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शिअल नाही, वळणावर सगळी यंत्रणा आतल्या आत पिळली जाते आणि लिव्हर अडकून बसतो. अडकलाच तर रिव्हर्समध्ये थोडं मागे घ्या, सुटतो. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकू नका, त्याला सिंक्रो (गिअर सहज पडू देणारी रिंग) नाही.

बदल कोणते करावे, कोणते नाही

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाच्या बाहेरचा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठासून सांगितलं. परवानगीने जे होतं ते आरटीओत आधी विचारून. आणि व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर मोठ्या बदलाचा प्रश्नच येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी माझी यादी तीच राहील.

सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर जाणं: करा. युद्धकाळातली जीप सहा व्होल्टची आहे, आणि गावात सहा व्होल्टची एवढी मोठी बॅटरी मिळवणं म्हणजे वणवण. बल्ब, कॉइल, हॉर्न बदला, डायनामोच्या जागी छोटा अल्टरनेटर. जुना डायनामो आणि कटआउट फेकू नका, ऑइल लावून पोत्यात बांधून ठेवा. सहा व्होल्टच ठेवायचे असतील तर बॅटरीच्या केबल जाड घ्या. बारा व्होल्टच्या बारीक केबलमुळे स्टार्टर कण्हतो आणि लोक स्टार्टरला दोष देतात.

सीट बेल्ट: करा, पण बेल्टचा बोल्ट पत्र्यात नाही, खाली प्लेट देऊन चेसिसला पकडेल असा. ब्रेकची दोन लाइनची मास्टर सिलिंडर: खर्चिक, तरी फार चांगली. इलेक्ट्रॉनिक इग्निशन: हौस असेल तर लावा, पण जुने पॉइंट आणि कंडेन्सर डॅशबोर्डच्या कप्प्यात असू द्या. ती पेटी रस्त्यात बंद पडली तर कुणालाच दुरुस्त करता येत नाही, पॉइंट मात्र काडेपेटीच्या बाजूने घासूनही घरी येता येतं.

डिझेल इंजिन: नाही. एकेकाळी विदर्भभर हे झालं. मॅटाडोरचं इंजिन टाकलं, ट्रॅक्टरचं टाकलं, पैसे वाचले असं वाटलं. मग वजनाने पुढच्या कमानी बसल्या, गिअरबॉक्सचे माउंट तुटले, आणि कागदावर पेट्रोल राहिल्याने गाडी विकताना अडली. मोठाले रुंद टायर: नाही. फोटोत छान दिसतात, पण व्हील बेअरिंग, स्टिअरिंग आणि तुमचे खांदे तिन्ही जातात. पॉवर स्टिअरिंग, टर्बो, म्युझिक सिस्टम यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

वेगाची अपेक्षाही तशीच ठेवा. एक्सलचा रेशो ४.८८, सीजे-३बीत ५.३८. साठच्या पुढे इंजिन किंचाळतं, आणि एवढ्या छोट्या ड्रम ब्रेकला तेवढाच वेग झेपतो. समृद्धी महामार्ग या गाडीसाठी नाही.

ठेवायची कुठे

टिनाच्या शेडला तिन्ही बाजूंनी वारा हवा आणि खाली मुरूम हवा. काळ्या मातीवर उभी केलेली गाडी पावसाळ्यात एका बाजूने खचते आणि खालून ओल घेते. वर ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. सोयाबीन निघालं की वावरातले उंदीर घरांकडे सरकतात आणि वायरिंगच्या कापडी वेटोळ्यांवर त्यांचा फार जीव असतो. सरकी आणि ढेप त्या शेडमध्ये ठेवायचीच नाही. एअर क्लीनरच्या तोंडाला आणि सायलेन्सरला फडकं कोंबा, आणि ते कोंबल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा. बॅटरीची वायर सोडून ठेवा. लांब मुक्काम असेल तर चेसिसखाली लाकडी ठोकळे देऊन चाकं अधांतरी करा.

मृगाच्या आधी वायपर, रबर आणि ब्रेक पाहणं, दसऱ्याला पुढचा एक्सल, संक्रांतीच्या आसपास ट्यूनिंग, उन्हाळा लागताना रेडिएटर. एवढं ठरवून घेतलं की कामं अंगावर येत नाहीत.

गाडीत कायम ठेवायच्या वस्तू: पॉइंट, कंडेन्सर, रोटर, दोन प्लग, फॅन बेल्ट, पंपाचा डायफ्रॅम किट, फ्यूज, टेस्ट लॅम्प, फिलर गेज, इंची पान्यांचा संच, ब्रेक ऑइल, तार, ओलं करायला फडकं, पाच लिटर पाणी, अग्निशामक नळकांडं आणि इंजिन चालू करायचं हँडल. पाण्याच्या कॅनवर ‘रेडिएटर’ असं लिहा, नाहीतर उन्हात कुणीतरी ते पिऊन टाकतं.